ही बंदूक राणीच्या काळातली आहे का? लिव्हरच्या रायफली ओळखायच्या कशा

मागच्या भागात आपण तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुका पाहिल्या. त्यावर जे प्रश्न आले त्यांतले कितीतरी एकाच सुरातले होते. "आमच्याकडे पणजोबांची बंदूक आहे. चापाच्या खाली लोखंडी कडं आहे, ते खाली ओढलं की वरचा भाग उघडतो. झाशीच्या राणीच्या फौजेतली आहे असं घरात सांगतात. खरं आहे का?"

मी झाशीत राहतो, त्यामुळे हा प्रश्न मला ओळखीचा आहे. इथे जुनी विहीर निघाली तरी ती सत्तावनची, जुनं कुलूप निघालं तरी सत्तावनचं. त्यात हसण्यासारखं काही नाही. ज्या गावाने तो वेढा सोसला, त्या गावाची आठवण सगळ्या जुन्या वस्तूंना तिथेच नेऊन बांधणार. पण बंदूक ही अशी वस्तू आहे की तिच्या अंगावर तिची जन्मकुंडली कोरलेली असते. वाचता यायला हवी, इतकंच. व्हिडिओत मी फोटो दाखवत बोललो होतो. पुस्तकात ते शब्दांनीच करावं लागेल, तेव्हा हातात बंदूक असेल तर बाजूला ठेवा आणि आधी वाचा.

उत्तर आधीच सांगून टाकतो. खाली लिव्हर असेल तर ती राणीच्या फौजेतली नाही.

कारण साधं आहे. झाशीचा वेढा मार्च १८५८ चा. ३ एप्रिलला ह्यू रोजची फौज शहरात घुसली आणि दुसऱ्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली. त्या लढाईत दोन्ही बाजूंच्या पायदळाच्या हाती होत्या त्या नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुका. किल्ल्यात तोड्याच्या आणि टोपीच्या, बाहेर कंपनीच्या टोपीच्या मस्केटी आणि नव्या एनफील्ड. ज्या एनफील्डच्या काडतुसांवरून एवढं रण पेटलं, तीसुद्धा ठासणीचीच. लिव्हरने काडतूस बदलणारी, खऱ्या अर्थाने चाललेली पहिली रायफल म्हणजे अमेरिकेतली हेन्री. तिच्या पेटंटची तारीख १६ ऑक्टोबर १८६०. त्याआधी व्होल्कॅनिक नावाची एक नाजूक चीज १८५५ च्या सुमारास निघाली होती, पण ती अमेरिकेतच फारशी चालली नाही. मग झाशीच्या तटावर कुठून येणार?

"मग आमची बंदूक साधीच म्हणायची का?" असं लगेच विचारतात. साधी का असेल? ती चाळीस वर्षांनंतरची निघाली, तर चाळीस वर्षांनंतर झाशीत कोण कोण होतं हे शोधायचं. तेही कमी रंजक नाही. आणि बंदुकीचं वय ठरवणं ही नुसती हौस नाही. "एवढी जुनी आहे म्हणजे तिला लायसन्स लागत नाही" या समजुतीवर माणसं गुन्ह्याच्या उंबरठ्यावर बसलेली असतात. त्याकडे शेवटी येतो.

आधी एक गाठ सोडवू. आपल्याकडे लिव्हरची बंदूक म्हणून जे दाखवतात त्यात दोन वेगळी घराणी आहेत. पहिलं मार्टिनीचं. यात लिव्हर चापाच्या मागे, दस्त्याच्या मानेला लागून खाली असतो. तो दाबला की आतला ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, तुम्ही एक काडतूस हाताने घालता, लिव्हर वर घेता. एका वेळी एकच बार. बाहेर घोडा दिसत नाही. उजव्या बाजूला पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा एक दर्शक असतो, बंदूक ताणलेली आहे की नाही ते तो सांगतो. दुसरं घराणं विंचेस्टरचं. यात चापाचं कडंच वाढून बोटं घालण्यासारखा फेरा झालेला असतो. बहुतेकांत नळीच्या खाली दुसरी नळी असते, तीत एकामागे एक काडतुसं बसतात. लिव्हर खाली-वर केला की पुढचं काडतूस आपोआप येतं. मागे घोडा उघडा दिसतो. सिनेमात घोडेस्वाराच्या हातात पाहिलेली ती हीच.

मध्य भारतात मार्टिनी जास्त सापडते, हे समजण्यासारखं आहे. ती सरकारी फौजेची बंदूक. विंचेस्टर ही शिकारीची, शौकाची, कुणीतरी पैसे मोजून मागवलेली. वाघाच्या शिकारीला आपल्याकडचे राजेरजवाडे आणि साहेबलोक दोन नळ्यांची एक्सप्रेस रायफल किंवा पुढे बोल्टची रायफल पसंत करत. लिव्हरची विंचेस्टर हरणासाठी, डुकरासाठी, घोड्यावरून, तंबूतून. त्यामुळे ती घरात असेल तर 'का आली' हा प्रश्नही विचारण्यासारखा असतो.

आता विंचेस्टर वाचायला शिकू. इथे एक चकवा आहे आणि जवळजवळ सगळे त्यात सापडतात. मागच्या पट्टीवर, म्हणजे घोड्याच्या मागे दस्त्यात शिरणाऱ्या पोलादी जिभेवर, 'मॉडेल १८७३' असं लिहिलेलं असतं. झालं, बंदूक १८७३ ची! नळीवर पाहावं तर आणखी तारखा: २९ मार्च १८६६, १६ ऑक्टोबर १८६०. मग तर १८६० ची!

आपल्या पुस्तकांचा दाखला घ्या. कपाटातल्या जुन्या कादंबरीच्या दुसऱ्या पानावर 'पहिली आवृत्ती' म्हणून एक साल असतं, त्याखाली पुनर्मुद्रणांची सालं असतात, आणि तुमच्या हातातली प्रत बाराव्या मुद्रणाची असू शकते. मॉडेलचं साल म्हणजे पहिली आवृत्ती. १८७३ हे मॉडेल विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या पुढेपर्यंत विकलं जात होतं आणि सात लाखांहून जास्त बनलं. १८९४ चं मॉडेल तर न्यू हेवनच्या कारखान्यात २००६ पर्यंत बनत होतं. सत्तर लाखांच्या पुढे गेलं ते. म्हणजे 'मॉडेल १८९४' लिहिलेली रायफल तुमच्या मुलाच्या वयाचीही असू शकते. आणि नळीवरच्या त्या तारखा? त्या पेटंटच्या. १८६० ची हेन्रीची, १८६६ ची नेल्सन किंगची. किंगने उजव्या बाजूला स्प्रिंगची झडप बसवली, तिच्यातून काडतुसं आत सारता येऊ लागली. त्याआधीच्या हेन्रीत नळीच्या पुढच्या टोकाकडून भरावी लागत. पेटंटची तारीख तुम्हाला एवढंच सांगते की बंदूक 'याच्या आधीची नाही'. 'याच वर्षाची' असं ती कधीच सांगत नाही.

जुन्या वस्तूचं वय ठरवायचं ते असंच, दोन्ही बाजूंनी कुंपण घालत. एका बाजूला 'याआधीची नाही' असे पुरावे, दुसऱ्या बाजूला 'यानंतरची नाही' असे. मधली जागा जितकी अरुंद करता येईल तितकी करायची. शिलालेखावर साल नसेल तर अक्षरांच्या वळणावरून आणि राजाच्या नावावरून इतिहास संशोधक हेच करतात.

मॉडेलचं नाव पुसलं गेलं असेल तर? तरी बांध्यावरून ओळखता येतं. १८६६ च्या मॉडेलचं मधलं घर पितळेसारखं पिवळं असतं, लांबूनही लपत नाही. १८७३ चं घर लोखंडी, नंतर पोलादी. त्याच्या दोन्ही कुशींवर सुट्या होणाऱ्या पाट्या बसवलेल्या दिसतात आणि वर एक सरकतं झाकण असतं, धूळ जाऊ नये म्हणून. १८७६ चं त्याच बांध्याचं पण थोराड. १८८६ पासून जॉन ब्राउनिंगचा हात लागला आणि सगळं बदललं. कुशीच्या पाट्या गेल्या, घर अखंड झालं, आणि लिव्हर उघडला की मागे दोन उभ्या पोलादी खुंट्या खाली सरकताना दिसतात. १८९२ ही तिचीच धाकटी बहीण. १८९४ ओळखायची सोपी खूण म्हणजे लिव्हर खाली ओढला की घराचा तळच त्याच्याबरोबर खाली झुकतो. १८९५ ला नळीखाली दुसरी नळी नाही, चापाच्या पुढे पोटाला पेटी आहे. टोकदार गोळीची काडतुसं एकामागे एक नळीत ठेवणं धोक्याचं, पुढच्या काडतुसाच्या टोपीवर मागच्याचं टोक टेकतं, म्हणून ही पेटी. थिओडोर रूझवेल्टने १९०९ च्या आफ्रिकेतल्या शिकारयात्रेत ४०५ ची जी रायफल नेली, ती हीच १८९५. पहिल्या महायुद्धात रशियाने हीच रायफल सुमारे तीन लाखांच्या संख्येने घेतली, स्वतःच्या काडतुसाची.

विंचेस्टरची भावंडं नसलेल्याही काही लिव्हरच्या रायफली आहेत. मार्लिनचं डोकं वरून बंद आणि सपाट, रिकामं काडतूस उजवीकडे उडतं. विंचेस्टरचं वर उडतं. सॅव्हेज ९९ ला बाहेर घोडाच नाही, आणि डाव्या कुशीला बारीक खिडकी असते, आत किती काडतुसं उरली ते आकड्यात दाखवणारी. मला विचाराल तर या सगळ्यांत डोकं सर्वांत जास्त चालवलं आहे सॅव्हेजवाल्याने. पण झाशीत ती मिळाली तर नवल समजा.

मॉडेल कळलं की नंबर. १८७३ आणि १८८६ चा नंबर खालच्या पट्टीवर, लिव्हरच्या मागे. १८९२, १८९४ चा घराच्या तळाला, पुढच्या बाजूला. हा आकडा म्हणजे खरी मुद्रणसंख्या. नंबर आणि वर्ष यांचे तक्ते छापलेले आहेत. पण तक्ते दोन आहेत आणि ते काही मॉडेलांच्या बाबतीत एकमेकांशी जुळत नाहीत. एक जॉर्ज मॅडिस या अभ्यासकाने प्रसिद्ध केलेला, वर्षानुवर्षं सगळे तोच वापरत आले. दुसरा कारखान्याच्या पॉलिश विभागाच्या मूळ नोंदींवरून निघालेला. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कोडी गावी बंदुकांचं संग्रहालय आहे, तिथे कारखान्याच्या बऱ्याच जुन्या वह्या जपल्या आहेत, आणि फी भरली की विशिष्ट नंबरच्या बंदुकीची नोंद पत्राने मिळते. अमेरिकेत तुमचा भाचा असेलच, त्याला कामाला लावा. मात्र त्याला नंबर कळवा, बंदूक नको! शंभर वर्षांपुढची वस्तू आपल्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

नंबराखेरीज आणखी साक्षीदार असतात. नळीवर लंबगोलात 'डब्ल्यू पी' असा ठसा असेल तर तो विंचेस्टरचा स्वतःचा चाचणी ठसा, १९०५ पासूनचा. तो नसेल तर बंदूक बहुधा त्याआधीची. असेल तर नंतरची, किंवा जुनीच पण दुरुस्तीला कारखान्यात जाऊन आलेली. 'निकेल स्टील' आणि धूरविरहित दारूसाठी असा मजकूर असेल तर ती १८९० च्या दशकाच्या मध्याच्या अलीकडची. बंदूक इंग्लंडमार्गे आली असेल तर तिच्यावर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीघराचे ठसे असतात. बर्मिंगहॅमचा जुना ठसा म्हणजे मुकुटाखाली दोन राजदंड फुलीसारखे ओलांडलेले आणि भोवती अक्षरं. १९०४ मध्ये ठसे बदलले, मुकुटाखाली 'बी पी', 'बी व्ही' अशी अक्षरं आली. हे ठसे तांदळाच्या दाण्याएवढे असतात. भिंग घ्या आणि उजेड तिरका पाडा. समोरून टॉर्च मारून काही दिसत नाही.

कुठल्या काडतुसाची आहे हेही बोलतं. सुरुवातीच्या १८७३ वर कॅलिबर लिहिलेलंच नसे, कारण ४४-४० हे एकच होतं. ३८-४० हे १८८० च्या आसपास आलं, ३२-२० त्यानंतर थोडं. म्हणजे नळीवर '३८ डब्ल्यू सी एफ' वाचलं की १८७० च्या दशकाचा बहुतेक भाग बाद.

आता हे सगळं एका बंदुकीवर लावून पाहू. इथल्याच एका मराठी कुटुंबाने मला फोटो पाठवले, नंतर मी घरी जाऊनही पाहिली. नाव सांगत नाही. घरात खंडेनवमीला शस्त्रपूजा होते, तेव्हा ही बंदूक पाटावर तलवारीशेजारी असते, हळदकुंकू वाहिलेली. आजी म्हणाल्या, "राणीसाहेबांची आहे. आमचे पूर्वज किल्ल्यात होते." पूर्वज किल्ल्यात असतीलही. विष्णुभट गोडसे 'माझा प्रवास' लिहू शकले ते वेढ्यात सापडले म्हणूनच, आणि ते काही एकटेच मराठी नव्हते तिथे.

बंदुकीच्या कुशीला पाट्या, वर सरकतं झाकण. मागच्या पट्टीवर मॉडेल १८७३. किंगचं पेटंट. नळीवर ३८, म्हणजे साधारण १८८० च्या आधीची नाही. खालच्या पट्टीवरचा नंबर पाच लाखांच्या थोडा अलीकडचा. कुठलाही तक्ता घ्या, १८९० च्या दशकाचा उत्तरार्ध. विंचेस्टरचा लंबगोल ठसा नाही, म्हणजे १९०५ च्या आधीची. बर्मिंगहॅमचे राजदंडवाले ठसे आहेत, म्हणजे १९०४ च्या आधी इंग्लंडात तपासलेली. सगळे साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि ती दिशा सत्तावनपासून चाळीस वर्षं दूर आहे.

दस्ता मात्र वेगळा. विंचेस्टरचा दस्ता अमेरिकन अक्रोडाचा असतो. हा काळपट, जड, शिसवी, आणि पट्टीशी जिथे मिळतो तिथे केसभर फट. म्हणजे इथल्या सुताराने बनवलेला. दस्ता बदलला म्हणून बंदूक खोटी ठरत नाही, फक्त दस्त्यावरून वय काढायचं नाही. त्या दस्त्याच्या खालच्या अंगाला एक पितळी चकती होती. वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाने भरलेली. ओल्या कपड्याने हलकेच पुसल्यावर इंग्रजी अक्षरं दिसली: आय. एम. आर.

झाशीकरांना हे सांगायला नको. इंडियन मिडलंड रेल्वे. १८८५ ची कंपनी, तिचं मोठं ठाणं झाशी. १९०० मध्ये तिचा कारभार जी.आय.पी. कडे गेला. चकती दस्त्यावर आहे आणि दस्ता नंतरचा आहे, तेव्हा तिच्यावर फार भार टाकता येत नाही. पण बंदुकीचं वय आणि रेल्वेचं वय जुळतं, एवढं खरं. मी विचारलं, घरात रेल्वेत कोण होतं? आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, सासऱ्यांचे वडील लोको ऑफिसात कारकून होते. साहेबाबरोबर शिकारीला जायचे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बंदुकीशी त्याची सांगड कुणी घातली नव्हती, कारण बंदुकीची जागा राणीने घेतलेली होती.

इथे झाशीचा एक चमत्कारिक तपशील लक्षात ठेवा, मराठी वाचकाला तो विशेष उपयोगी आहे. १८६१ पासून १८८६ पर्यंत झाशीचं शहर आणि किल्ला इंग्रजांकडे नव्हता, ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार परत घेताना त्यांनी झाशी दिली. म्हणजे त्या पंचवीस वर्षांत शहरात जी शस्त्रं आली ती शिंद्यांच्या सरदार-कारभाऱ्यांबरोबर आलेली असू शकतात. त्याशिवाय दतिया आणि ओरछा ही संस्थानं हाकेच्या अंतरावर. १८७८ चा लिटनचा शस्त्रकायदा इंग्रजी मुलखात लागू, संस्थानांचं चलन वेगळं. पलीकडून अलीकडे बंदूक आली की तिच्यामागे कागद उरत नाही, गोष्ट उरते.

मार्टिनीचं काम उलटं, आणि माझ्या मते सोपं. तिच्या फौजी नमुन्यावर, घराच्या उजव्या कुशीला, वरपासून खाली मुकुट, 'व्ही. आर.', कारखान्याचं नाव, साल आणि नमुन्याचा आकडा असं लिहिलेलं असतं. हे साल खरोखर बनवल्याचं साल. 'एनफील्ड १८८५' म्हणजे १८८५. बाण आणि त्याच्याशी 'आय' हे अक्षर असेल तर हिंदुस्थान सरकारच्या मालकीची. सत्तावननंतर इंग्रजांनी देशी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागचं हत्यार द्यायचं धोरण धरलं, त्यामुळे गोऱ्यांच्या हाती मार्टिनी आली तेव्हा देशींना स्नायडर, आणि गोऱ्यांना मॅगझिनची रायफल मिळाली तेव्हा कुठे देशींना मार्टिनी. तेव्हा १८८५ ची बंदूक देशी शिपायाच्या खांद्यावर १८९० च्या दशकात आली असं धरायला हरकत नाही.

पण मार्टिनीत नकला फार. सरहद्दीवरच्या खैबर आणि दर्रा भागातल्या कारागिरांनी कानशीने घासून हुबेहूब मार्टिनी बनवल्या, ठशांसकट. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, ते चित्रासारखं उतरवत. म्हणून 'एनफील्ड' मधलं एन अक्षर उलटं, मुकुट वाकडा, स्पेलिंग गळालेलं. आणि सर्वांत छान पुरावा म्हणजे 'व्ही. आर.' खाली १९०७! व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. त्यानंतर एडवर्डचं 'ई. आर.', १९१० पासून जॉर्जचं 'जी. आर.' हवं. मेलेल्या राणीच्या नावाने कुठला सरकारी कारखाना बंदूक काढेल? अशी नक्कल हाती आली तर तिला हिणवू नका, ती कारागिरी आहे. पण तिच्यात काडतूस घालण्याचा विचारही नको, कारण तिचं पोलाद रेल्वेच्या रुळाचं आहे की आणखी कशाचं, हे बनवणाऱ्यालाच माहीत.

आणि लिव्हरच्या बंदुकीवर देवनागरी दिसली तर लगेच 'पेशवाई' म्हणून ओरडू नका. संस्थानांच्या शिलेखान्यांत देवनागरी आकडे घालायची पद्धत होती. बिकानेरचे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आकडे प्रसिद्ध आहेत. नेपाळात तर मार्टिनीच्या धर्तीवर रायफली बनत होत्या, गहेंद्र नावाने ओळखल्या जातात, आणि त्यांच्यावर देवनागरीत मजकूर आणि विक्रम संवत असतो. संवत १९४५ वाचून बंदूक १९४५ ची समजणारेही भेटतात. सत्तावन्न वजा करा, १८८८ येतं.

आता काय करायचं नाही ते. पहिलं, बंदूक रिकामी आहे असं गृहीत धरू नका. विंचेस्टरमध्ये लिव्हर दोनदा चालवून काही पडलं नाही तरी पुढच्या नळीत गंजलेल्या स्प्रिंगमागे काडतूस अडकलेलं असू शकतं. जाणकार माणसाकडून पाहून घ्या. दुसरं, काडतूस मिळालं म्हणून उडवून पाहू नका. १८७३ च्या पोटात कुलूप म्हणून आहे तो गुडघ्यासारखा मोडणारा सांधा, काळ्या दारूच्या दाबासाठी केलेला. ४४-४० नावाचंच जास्त दाबाचं काडतूस पुढे १८९२ साठी निघालं, तेव्हा खुद्द कंपनीने ते १८७३ मध्ये वापरू नका असं सांगितलं. खोक्यावरचं नाव तेच, नळीत बसतंही, आणि चेहरा तुमचा असतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. घासू नका! दसऱ्याआधी सॅंडपेपर मारून बंदूक चकाचक करणारे उत्साही पुतणे घरोघरी असतात. ठसे गेले की वय गेलं. आणि त्याहून वाईट, शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं हा गुन्हा आहे, आणि पुसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडली त्यानेच पुसली असं धरून चालतात. नाही म्हणायचं तर ते त्याने सिद्ध करायचं.

याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये ती प्रसिद्ध सूट आहे, जुन्या नमुन्याच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्यारासाठी. लोक तिथपर्यंतच वाचतात. पुढची अट अशी की ते हत्यार दुरुस्त करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसावं. १८९७ ची विंचेस्टर थोडं तेल दिलं की चालते. तिचं वय सव्वाशे असो, ती सूट तिला नाही. आणखी एक, १८९५ चं मॉडेल ३०३ मध्येही बनत असे. ३०३ हा फौजी बोअर म्हणून आपल्याकडे सर्वसाधारण लायसन्सवर मिळतच नाही. आपल्या बुंदेलखंडात घरोघरी ३१५ दिसते ती त्यामुळेच.

त्या आजींच्या घरी लायसन्स सासऱ्यांच्या नावाचं होतं, ते वारून बरीच वर्षं झालेली. कुणी वाईट हेतूने लपवलं नव्हतं. देवघरातली वस्तू, तिला कसलं लायसन्स, एवढाच विचार. पण कागदोपत्री ती विनापरवाना बंदूक. कलम २१ सांगतं की धारक वारला किंवा परवाना संपला की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची, मग वारसाने अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात, वारशाच्या धरून. घरात आधीच दोन असतील तर कोणती ठेवायची हे आधी ठरवा. जमा करण्यापूर्वी एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या, सोबत जुनं लायसन्स आणि मृत्यूचा दाखला न्या, आणि पावतीवर मॉडेल, नंबर, कॅलिबर बरोबर लिहिलंय ना ते तिथेच उभं राहून वाचा. 'एक जुनी बंदूक' एवढंच लिहिलेल्या पावतीवर पुढे कुठली बंदूक परत येईल, हे सांगता येत नाही.

त्यांनी विक्रेत्याकडे जमा केली. पावतीवर विंचेस्टर, १८७३, ३८, आणि पूर्ण नंबर. त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर तलवार होती आणि तिच्याशेजारी ती पावती, हळदकुंकू लावलेली.

पुढच्या भागात दोन नळ्यांच्या बारा बोअर. त्यांच्याविषयी प्रश्न असतील तर चार फोटो पाठवा: पूर्ण बंदूक दोन्ही बाजूंनी, नळ्या उघडून खालचा सपाट भाग, आणि दस्ता. बंदुकीचा पूर्ण नंबर मात्र सगळ्यांना दिसेल असा कुठेही टाकू नका.